पाठ फिरवा

निकम सरांबद्दल मी लिहावं हे सरांना आवडणार नाही, आणि मला ते नीट जमेल असं मलाही वाटत नाही. माणसाचं चित्र काढायचं तर त्याच्याबद्दल थोडी माया लागते, असं अकरावीत आमच्या मराठीच्या बाई सांगायच्या. माझ्याजवळ ती नाही. शोधून पाहिली, सापडली नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवून घ्यावं अशीही सोय नाही. मला लिहिण्याचा सराव आहे तो एकाच गोष्टीचा, यंत्राने वाचायच्या सूचना लिहिण्याचा, आणि तोही सरांनीच करून घेतलेला. तेव्हा कुठे कोरडं वाटलं तर माफ करावं. कुठे राग दिसला तर माफ करू नये, तो खरा आहे.

आमचं ऑफिस सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला होतं. खाली खतांचं दुकान, वर आम्ही, आणि त्याच्याही वर एक खोली, जिथे निकम सर आठवडाभर एकटे राहायचे. मालकांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा विट्याकडचे. त्यांच्या घरात दोन पिढ्या गलाईचा धंदा, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचा. आप्पांची उमर दक्षिणेतल्या एका शहरात भट्टीसमोर गेली होती, आणि परत आल्यावर त्यांनी गलाईच्या दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करणारी ही कंपनी काढली. विट्याकडची माणसं देशभर जिथे जिथे दुकान थाटून बसली आहेत, तिथले हिशेब आमच्या एका डेटाबेसमध्ये येत. अलीकडे त्यात एआय एजंट आले होते. दुकानदाराने मोबाईलवर मराठीत बोलायचं, अमुक ग्रॅम आलं, इतकी घट गेली, की एजंट नोंद करणार, शुद्धता काढणार, भाव सांगणार.

एजंटाला डेटाबेसमध्ये शिरायला पासवर्ड लागतो. पासवर्ड तोच राहिला तर कधी ना कधी चोरीला जातो, म्हणून तो सारखा बदलावा लागतो. आधी हे काम सर हाताने करायचे. एजंट वाढले तसं ते अशक्य झालं, म्हणून ऑफिसातल्या सारिकाताईंनी एक अवजार तयार केलं. त्याचं नाव किल्लीपालट. ते नवीन पासवर्ड बनवणार, डेटाबेसला सांगणार, मग तिजोरीत ठेवणार, आणि एजंट तो तिजोरीतून घेणार. हे अवजार चालवणारेही एजंटच. त्यांनी ते कसं चालवायचं, याच्या सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. सहा महिने काम करायचं, मार्गदर्शकाने प्रमाणपत्रावर सही करायची, तरच कॉलेज शेवटच्या सत्राचे गुण देणार. वर आप्पा तोंडी म्हणाले होते की काम बरं झालं तर परीक्षेनंतर इथेच राहा. मी ते वडिलांना सांगितलं आणि वडिलांनी ते आमच्या सगळ्या वस्तीला सांगितलं. मार्गदर्शक होते निकम सर.

सर कोरेगावकडचे, सैन्यातून सिग्नलचे हवालदार म्हणून निवृत्त. माझा पहिला दिवस मला त्यांच्या खुर्चीमुळे आठवतो. सगळ्यांच्या खुर्च्यांना चाकं होती, सरांच्या खुर्चीची त्यांनी स्वतः काढून टाकली होती. हलणाऱ्या खुर्चीवर त्यांचा विश्वास नव्हता. विश्वास तसा कशावरच नव्हता. ऑफिसचा चहा ते घेत नसत. वरच्या खोलीतून आणलेला थर्मास टेबलाच्या खणात ठेवून खणाला कुलूप लावत. त्याच खणात त्यांचा स्टेपलर आणि माऊसही असे. लघवीला जातानासुद्धा ते माऊस काढून खणात ठेवत आणि किल्ली बनियनला अडकवलेल्या पिनेत घालत. जेवण खिडकीकडे तोंड करून, उभ्याने. मी नाव सांगितलं, गाव आटपाडीकडचं सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं की घरी मेंढरं किती. मी सांगितलं. "मग ती सोडून हितं कशाला आलास?" असं म्हणून ते खिडकीकडे वळले.

आता तिजोरीबद्दल सांगायला हवं, कारण सर आणि तिजोरी वेगळे काढता येत नाहीत. पासवर्ड ठेवायचा जो प्रोग्रॅम असतो त्याला आम्ही तिजोरी म्हणत होतो. बाकी सगळं भाड्याच्या दूरच्या सर्व्हरवर होतं, पण किल्ल्या परक्याच्या घरात ठेवायला आप्पांचं सोन्यातलं मन तयार होईना. म्हणून तिजोरीचं यंत्र ऑफिसातच होतं, आणि तेही आप्पांच्या जुन्या दुकानातल्या खऱ्या लोखंडी तिजोरीत. मागून भोक पाडून वायर घेतलेली, आत यंत्र गरम होतं म्हणून दार अर्धवट उघडं, दाराला वीट लावलेली. हे यंत्र बंद होऊन परत सुरू झालं की एक मुख्य शब्द मागायचं. तो टाकल्याशिवाय आतली एकही किल्ली बाहेर येत नसे. तो शब्द फक्त सरांना ठाऊक होता.

वीज जास्त वेळ गेली की इन्व्हर्टर हात टेकायचा आणि तिजोरी बंद पडायची. मग सर खुर्चीतून उठत, यंत्रासमोर उभे राहत आणि म्हणत, "पाठ फिरवा." ऑफिसातल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. आप्पा असले तर आप्पांनीही. खतवाला एकदा बिल घेऊन वर आला होता, तोही फिरला. सारिकाताई तेवढ्यात केस सारखे करून घेत. उजव्या हाताचा तळवा सर कळफलकावर छपरासारखा धरत आणि डाव्या हाताच्या बोटांनी शब्द टाकत. आम्हाला फक्त टकटक ऐकू यायची. मग सर घसा साफ करत. तो इशारा, फिरलात तरी चालेल असा.

दुकानदारांशी सर फोनवर बोलत तेव्हा तर सगळं ऑफिस काम थांबवून ऐकत असे. त्या मंडळींचा रिवाज असा की एका दुकानात सगळी पोरं एकाच गावची, भावकीतली, आणि पासवर्ड सगळ्यांचा एक. तो बहुतेक गावच्या देवाच्या नावाचा. एका म्हाताऱ्या दुकानदाराला सर महिनाभर समजावत होते, आणि एके दिवशी फोनवर त्यांचा आवाज चढला. "आवं आबा, देवाचं ठिऊ नका म्हनलं तर बायकोचं ठिवलंय तुमी. आता गावात देवाचं एक वेळ न्हाई कुणाला ठावं, पर काकींचं सगळ्यास्नी ठावं हाय." सगळे हसले. मीही हसलो. सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला काय झालं दात काढायला? लिहून झालं का?"

लिहून झालं नव्हतं. खरं तर रोज लिहून होत होतं आणि रोज परत येत होतं. मला अडखळत बोलायची सवय आहे, तशीच लिहायचीही. मी लिहायचो, शक्यतो जुना पासवर्ड लगेच बंद करू नये. साधारणपणे थोडा वेळ थांबावं. सर त्या शब्दांवर बोट ठेवत. "शक्यतो म्हंजे? करायचं का न्हाई करायचं? तू हायस का न्हाईस ते आधी ठरव, मग लिही." हे ते सगळ्यांसमोर म्हणत, मुद्दाम मोठ्याने.

एक चूक मात्र माझी खरीच मोठी झाली. मी एका ठिकाणी लिहिलं होतं, पासवर्ड बदलल्यावर दुकानाला तसे कळवावे. चाचणीला आप्पांच्या पुतण्याचं एक दुकान घेतलं होतं. एजंटाने पासवर्ड बदलला आणि दुकानाला अगदी अदबीने कळवलं, तुमचा पासवर्ड बदलला आहे, नवीन पासवर्ड पुढीलप्रमाणे. पुतण्याला ते काय आहे कळेना, म्हणून त्याने तो निरोप तसाच भावकीच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात विट्यापासून पार दक्षिणेपर्यंत सगळ्या चुलत्या-पुतण्यांकडे आमचा पासवर्ड होता. चाचणीच होती, नुकसान काही झालं नाही. पण पुढे कितीतरी दिवस सर चहाच्या वेळी ते वाक्य माझ्या आवाजात वाचून दाखवत. म्हणत, "तुला मेंढरं राखाय ठिवलं तर लांडग्याला वाट दाखवून येशील रं."

त्याच वेळी त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं होतं, ते मी विसरलो नाही. म्हणाले, "मानूस वाचतो तवा पदरची अक्कल घालून वाचतो. ह्या एजंटाला अक्कल लय हाय, पर ती तुझी न्हाई. तू लिवशील तेवढंच खरं." मी आजही सूचना लिहितो तेव्हा हे आठवतं. कुणाकडून शिकलो म्हणून कुणी विचारलं तर मात्र मी त्यांचं नाव सांगत नाही.

वडील एकदा लोकर घेऊन सांगलीला आले होते. मुलाचं ऑफिस बघायचं म्हणून वर आले आणि दारातच उभे राहिले, घोंगडं खांद्यावर. मला वाटलं सर आता काहीतरी लागट बोलतील, आणि मी जागेवरून उठेपर्यंत सर त्यांच्यापाशी पोचले होते. त्यांनी खणाचं कुलूप काढलं, थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतून वडिलांच्या हातात दिला. त्या थर्मासातला चहा दुसऱ्या कुणी प्यायलेला मी तेवढाच पाहिला. वडील खूश झाले. म्हणाले, आवं सायेब, कशाला तरास घेतला. सर म्हणाले, तरास चहाचा न्हाई, तरास तुमच्या पोराचा हाय. ह्याच्यानं हे काम हुयाचं न्हाई, ह्याला दुसरं कायतरी बघा. मी तिथेच उभा होतो. वडिलांनी चहा संपवला, झाकण धोतराच्या सोग्याने पुसून परत दिलं, आणि खाली उतरताना मला म्हणाले की साहेब मनाचा मोठा आहे, स्वतःच्या हाताने चहा दिला. बाकीचं त्यांनी ऐकलं की नाही, मी विचारलं नाही.

श्रावणाच्या शेवटी सूचना पुऱ्या होत आल्या. मी शेवटी एक पान जोडलं होतं. त्यात दोनच गोष्टी होत्या. एक, पासवर्ड बदलण्याआधी तिजोरी उघडी आहे का ते बघावं. बंद असेल तर कशालाही हात न लावता थांबावं आणि माणसाला बोलवावं. दोन, तिजोरीचा मुख्य शब्द निदान दोन माणसांना ठाऊक असावा. शक्यतो लिहिलं नव्हतं. मला वाटलं होतं की यावेळी सर काही म्हणणार नाहीत.

त्यांनी ते पान दोनदा वाचलं. पहिल्या मुद्द्यावर म्हणाले, तिजोरी बंद पडली तर मी धा मिनटात वरनं खाली येतो, एजंटानं थांबायचं कारण काय? "मी हाय की." हे त्यांचं आवडतं वाक्य. मग दुसऱ्या मुद्द्यावर आले आणि त्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, सर, म्हणजे तुम्ही कधी आजारी वगैरे पडलात तर.

"माझ्या मरनाची वाट बघतोस व्हय रं?"

आवाज चढलेला नव्हता. सारिकाताईंनी मान वर केली नाही. मी काहीतरी बोलायला लागलो, पण सरांनी हात दाखवला. म्हणाले, दोघांना ठाऊक झालं की त्याला गुपित म्हणत न्हाईत, बातमी म्हणत्यात. चोवीस वर्षं मी हेच केलंय. आता तू शिकव मला. मग कळफलक माझ्याकडे सरकवला. "काढ ते पान. तुझ्या हातानं काढ." मी काढलं.

नवरात्र आलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर धुतो, गलाईवाले चिमटे, मूस आणि तराजू पुजतात, आणि त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. सरांसाठी हा फौजेतला दिवस होता. सकाळी त्यांनी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बंद करायला लावले. तिजोरीचं यंत्र स्वतः बंद केलं, ओल्या फडक्याने पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. समोर सतरंजीवर कळफलक, स्क्रूड्रायव्हर, पक्कड मांडली. शेवटी खिशातला मोबाईल काढला, बंद केला आणि त्यालाही कुंकू लावून मधे ठेवला. आरती झाली, पेढा मिळाला, आणि सर कोरेगावच्या एसटीला गेले. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. पण त्या वर्षी किल्लीपालट होतं, आणि एजंटांची पूजा करायची कुणाला आठवण झाली नव्हती. ते कामावर होते.

दुपारी एजंटाने ठरल्याप्रमाणे अवजार चालवलं. दूरच्या सर्व्हरवर डेटाबेसने नवीन पासवर्ड घेतला. एजंट तो तिजोरीत ठेवायला गेला तर तिजोरी बंद. थांब असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून त्याने परत नवीन पासवर्ड केला, परत ठेवायला गेला, परत तेच. डेटाबेस नवाच पासवर्ड मागत होता आणि तो कुणाकडेच नव्हता, म्हणून एकेक करत सगळे एजंट डेटाबेसच्या बाहेर राहिले. त्या दिवशी दुकानांतल्या भट्ट्या थंड असल्या तरी दसऱ्याच्या सोन्याची नोंदणी आणि भावाची बोलणी त्याच दिवशी होतात. आप्पांचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. मी आणि सारिकाताई धावत ऑफिसात आलो, सरांचा नंबर लावला. बंद. मग सारिकाताईंनी सतरंजीकडे बोट केलं. कुंकू लावलेला मोबाईल समोरच होता.

आप्पांनी मला गाडी देऊन कोरेगावला पाठवलं. दिवस मावळताना पोचलो. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मागे घराच्या सोप्यात विळे, कुऱ्हाड, पंपाचा पाना आणि नातीची कंपासपेटीही ओळीने मांडलेली, सगळ्यांना कुंकू. दारात सरांच्या पत्नी, काकू, उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. तिजोरी बंद आहे, एजंट बाहेर आहेत, दुकानं अडली आहेत, गाडी उभी आहे, चलाच. शक्यतो म्हणालो नाही, हे मला पक्कं आठवतं.

सर म्हणाले, "आज काय हाय?"

"खंडेनवमी."

"मग?"

मी म्हटलं, सर, मग नुसता शब्द सांगा, आम्ही टाकतो. त्यावर ते हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं आणि ते हसू चांगलं नव्हतं. म्हणाले, तुला सांगू? उद्या सकाळी येतो. हत्याराला आज हात लावायचा न्हाई, माझ्याही न्हाई आणि दुसऱ्याच्याही न्हाई. काकू काहीतरी बोलायला पुढे आल्या आणि परत मागे सरल्या. जेवून जा असं कुणी म्हणालं नाही. गाडीतून मी आप्पांना फोन केला की सर सकाळी येतो म्हणतात. आप्पांनी दुसऱ्या फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता ते ऐकलं आणि ठेवला.

दसऱ्याला सर पहिल्या एसटीने आले. पाठ फिरवा म्हणाले, आम्ही फिरवली, तिजोरी उघडली. सगळे एजंट मार्गी लागेपर्यंत दुपार झाली आणि दुकानांचा दसरा गेला तो गेलाच. मग आप्पांनी आम्हाला खोलीत बोलावलं आणि विचारलं, हे झालं कसं.

सर उभे राहून बोलले. म्हणाले, मला कुणी नीट सांगितलंच न्हाई. हे पोरगं दारात आलं, शक्यतो या म्हनालं. येवढं पेटलंय हे कळलं असतं तर मी चालत आलो असतो. आणि सूचना ह्यानं लिवल्यात. तिजोरी बंद असली तर थांबा, असं त्यात कुठं हाय, दाखवा.

मी म्हणालो, सर, ते पान होतं. तुम्ही काढायला लावलं. आप्पांनी सारिकाताईंकडे बघितलं. त्यांनी जुन्या नोंदी उघडल्या. पान होतं. काढलेलंही दिसत होतं. काढणाऱ्याचं नाव माझं होतं. सारिकाताई त्या दिवशी तिथेच बसलेल्या होत्या, सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, आप्पा, सर काल म्हणाले की आज खंडेनवमी आहे म्हणून...

"आता देवावर ढकल," सर म्हणाले.

आप्पांनी हात वर केला. दसऱ्याच्या दिवशी भांडण नको म्हणाले. माझ्याकडे बघितलं, मग उघड्या दारातून त्या लोखंडी तिजोरीकडे, मग सरांकडे. मला वाटतं त्यांना खरं काय ते बऱ्यापैकी कळलं असावं. पण शब्द सरांच्या डोक्यात होता आणि माझ्या डोक्यात आप्पांच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. उद्यापासून येऊ नकोस, हे त्यांनी मऊ आवाजात सांगितलं. प्रमाणपत्रावर सही सरांची लागत होती. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि खिडकीकडे वळले. सारिकाताईंनी जाताना माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली. मी ती जिन्यात टाकली.

माझं एक सत्र वाया गेलं. वडील वस्तीवर काय बोलले मला माहीत नाही, पण गावी गेल्यावर कुणी विचारायचं नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे साताऱ्यात एका दूध संकलन केंद्राच्या कॉम्प्युटर विभागात परत सहा महिने काढले आणि तिथून पास झालो. आता तिथेच आहे.

सरांना मी त्यानंतर एकदाच पाहिलं, सातारा स्टँडवर. उन्हाळा होता. कोरेगावची गाडी लागायची होती आणि सर बाकड्याच्या टोकाला पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कुणी शेजारी बसू नये म्हणून थर्मास बाजूला ठेवलेला. मी समोर जाऊन काय बोलायचं ते इतक्या महिन्यांत कितीतरी वेळा मनात जुळवलं होतं, आणि त्यात एकही शक्यतो नव्हता. मी त्यांच्यापासून चार हातांवर पोचलो. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, उजव्या तळव्याचं छप्पर धरलं आणि डाव्या अंगठ्याने पासवर्ड टाकायला लागले. माझी पाठ आपोआप फिरली. मी फिरून उभा राहिलो, समोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्याच्याकडे बघत. मागून घसा साफ केल्याचा आवाज आला. मी वळलो तोवर गाडी लागली होती आणि ते दारात शिरत होते. त्यांनी मला पाहिलं होतं की नाही, सांगता येत नाही. मला वाटतं पाहिलं होतं.

यंदाच्या नवरात्रात आप्पांचा फोन आला. वर्षभरात पहिलाच. त्यांनी तब्येत विचारली, वडिलांची विचारली, आणि मग सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी निकम सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात. डावा हात चालतो. ते कोरेगावला घरी आहेत. ऑफिसात नवा इन्व्हर्टर घेतल्यामुळे इतके दिवस तिजोरी बंद पडलीच नव्हती, आणि कुणाला त्या शब्दाची आठवणही झाली नव्हती. आज सकाळी नव्या पोरांनी रिवाजाप्रमाणे पूजेसाठी यंत्र बंद केलं. मागच्या वेळेचं ठाऊक होतं म्हणून हार घालून लगेच सुरूही केलं. यंत्राने शब्द मागितला. आणि आप्पा म्हणाले, जुनी माणसं सगळी सवयीने पाठ फिरवून उभी राहिली.

तिजोरीला आता दुरून जोडता यायचं, म्हणून आप्पा स्वतः लॅपटॉप घेऊन कोरेगावला गेले होते. तिथूनच बोलत होते. लॅपटॉप सरांच्या पुढ्यात ठेवला. सरांनी पडद्याकडे बघितलं, त्यांना सगळं कळलं हे आप्पांना दिसलं. मग त्यांनी डावा हात उचलला आणि लॅपटॉप मिटला. परत उघडून ठेवला, परत मिटला. आप्पांच्या आवाजात राग होता आणि त्याच्या खाली रडू होतं. दुकानं परत अडली आहेत, म्हणाले. हा माणूस मरताना पण सूड घेतोय. तू त्या पानावर काय लिहिलं होतंस रं, आता काय करायचं असतं? तुझं ते प्रमाणपत्र मी आज सही करून पाठवतो, पण काहीतरी सांग.

मी म्हटलं, प्रमाणपत्र आता नको. ते खरंच नको होतं. पान आता काही कामाचं नव्हतं, त्यातली वेळ कधीच निघून गेली होती, हेही सांगितलं. मग फोन ठेवावा असं मला वाटलं. मी तो ठेवू शकलो असतो.

मी विचारलं, "आप्पा, सोप्यात विळे मांडलेत का?"

आप्पा म्हणाले, मांडलेत की, नातीची कंपासपेटी पण हाय.

"आज खंडेनवमी आहे, आप्पा. ते आज हात लावणार नाहीत. उद्या सकाळी ठेवून बघा."

वर्षापूर्वीच्या त्या खोलीतलं माझं अर्धं राहिलेलं वाक्य आता आप्पांना पूर्ण ऐकू आलं असावं. मग त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सारिकाताईंनी फोन करून पुढचं कळवलं. सकाळी लॅपटॉप परत सरांपुढे ठेवला. त्यांनी उजवा हात हलवायचा प्रयत्न केला, तो हलला नाही. छप्पर धरता येईना. मग ते एकेकाकडे बघत राहिले, आप्पांकडे, सारिकाताईंकडे, ड्रायव्हरकडे. कुणाला काही कळेना. शेवटी काकूच म्हणाल्या, "पाठ फिरवा सगळ्यांनी." सगळे फिरले. काकूसुद्धा फिरल्या. खूप सावकाश टकटक ऐकू आली, मधेच थांबत. मग लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. घसा साफ करणं त्यांना आता जमत नाही.

सांगलीला तिजोरी उघडली होती. शब्द काय आहे, ते अजून कुणालाही ठाऊक नाही.